उजव्या दंडावरचा डाग

साहेब, त्या माणसाला तोतया तुम्ही ठरवलंत. एक बाही वर करायला सांगायची होती. तेवढ्यात निकाल लागला असता. तुम्ही ते सांगितलं नाहीत. का नाही, ते मला माहीत आहे, कारण मी तेव्हा तुमच्या दाराला पाठ लावून उभी होते, आणि तुमचं बोट बुकातल्या कुठल्या ओळीवर होतं ते मी बघितलं.

ही कोण जाब विचारणारी, असं म्हणाल. हौसाबाई निकम. तुमच्या सैनिक कल्याण कचेरीच्या मागच्या, बेघर माजी सैनिकांच्या निवाऱ्यात स्वयंपाक आणि झाडलोट करायची ती. चौथी शिकलेली. पुढचं सगळं पुड्यांच्या कागदावर आणि जुन्या डिक्शनरीवर शिकले, ते तुम्हाला माहीत नव्हतं.

मार्गशीर्षातली सकाळ. मी पायरीवर तांदूळ निवडत होते. येसबा, आपला एक पाय सरहद्दीवर ठेवून आलेला लान्स नाईक, शेजारी उन्हाला बसला होता. फाटकातून एक माणूस आला. पन्नाशीचा असेल. पायात नाडीच्या जागी सुतळी बांधलेले बूट, पाठीवर दोरीनं करकचून आवळलेली वळकटी. फाटकाच्या आत आला आणि उभाच राहिला.

"राम राम बाई. पलटणीच्या मानसाला हितं जागा मिळती म्हनं. ज्याला घर न्हाई त्याला."

"कुणी सांगितलं?"

"भेळ खाल्ली स्टँडावर. कागद टाकायच्या आदी वाचला. त्यात छापलं हुतं."

"पेपर कधीचा होता?"

"तारखेवर चटणी पडली हुती."

येसबा हसला. मी नाही हसले. आदल्याच वर्षी 'कॅप्टन' म्हणवणारा एक इसम महिनाभर जेवला आणि निवाऱ्याचा रेडिओ बगलेत मारून गेला. वरून तुम्हाला मेमो आला, तुमच्याकडून मला शिव्या आल्या. तेव्हापासून फाटकातून कुत्रं आलं तरी मी त्याचे कागद बघत होते.

येसबानं विडी विझवली. "नंबर सांग रं."

तो माणूस ताठ झाला. दो-सात-चार-एक-आठ-शून्य-तीन, मधे श्वास न घेता, हिंदीत, मालगाडीचे डबे जावेत तसा नंबर गेला. "शिपाई नामदेव आप्पा शेडगे."

"गडी पलटणीतला हाय," येसबा म्हणाला.

"रेडिओवाल्यालाबी तुमी असंच म्हणाला होता, दादा."

"त्याला मी दारू पिऊन म्हनलो हुतो. आत्ता सकाळ हाय."

कचेरीत दळवी भाऊसाहेबांनी फॉर्म काढला. मी चहा घेऊन गेले आणि मुद्दाम रेंगाळले. माणसानं आतल्या खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीतलं डिस्चार्ज बुक काढलं. दहा वर्षं नोकरी. मग पलटणीतली माणसं कमी केली तेव्हा हा घरी. पेन्शन नाही.

"जन्मतारीख?"

त्यानं बुकाकडं बघितलं. "चव्वेचाळीस साल."

"चव्वेचाळीसचे दिसत नाही हो तुम्ही. एवढे तरुण?"

"हाडंच तशी."

"भाऊ, बहीण, बायको?"

"बायकू वारली. मूल न्हाई. भाऊ न्हाई."

"गाव?"

"पाचुंदवाडी. पर सायेब, तिकडं कागद पाठवू नका."

दळवींचं पेन थांबलं. आतल्या खोलीत तुमची खुर्ची करकरली. ज्याला गावाकडं कागद जायला नको, त्याचं गाव काय सांगतंय ते बघायलाच पाहिजे, हे शेंबड्या पोरालाही कळतं. तुम्ही दारात आलात, त्याला वरून खाली बघितलंत आणि म्हणालात, "आठ दिवस. सहा नंबरची खाट. चौकशी झाल्यावर पक्कं. बुक इथंच राहील."

बुक सोडताना त्याचा हात जरा जास्त वेळ टेबलावर राहिला.

त्या दिवसापासून मी त्याच्यावर नजर ठेवून होते. पहाटे पाचला उठायचा. सहा नंबरच्या खाटेवरची घोंगडी अशी घडी घालायचा की कडा विटेसारख्या दिसायच्या. न सांगता भांडी घासायचा. रात्री खोकायचा, पण तोंडात टॉवेल धरून, दुसऱ्यांची झोप मोडू नये म्हणून. हे सगळं मी तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "मेसमध्ये भांडी घासणारा पोऱ्यापण घडी घालायला शिकतो, हौसाबाई."

मलाही ते पटलं. संशयाला काय, काहीही पटतं.

पाचव्या दिवशी तो बंबासाठी लाकडं फोडत होता. थंडी होती, पण घाम आला म्हणून सदरा काढलेला. उजव्या दंडावर तळहाताएवढा जुना भाजल्याचा डाग होता, कातडी सुरकुतून चकाकणारी.

"लढाईत का?" मी विचारलं.

तो हसला. तो हसलेला मी तेवढाच एकदा बघितला. "कसली लढाई. गुऱ्हाळात. काकवीसाठी थोरला न् मी झोंबलो. त्यानं ढकललं. काहिलीच्या कडंला दंड लागला. आईनं दोगास्नीबी चोपलं."

"थोरला कोण?"

कुऱ्हाड वरच्या वर थांबली. मग खाली आली. पण लाकडावर नाही, बाजूला मातीत.

"चुलत," तो म्हणाला.

चुलत भावाशी भांडल्यावर आपली आई दोघांना चोपत नाही, साहेब. फॉर्मवर भाऊ नाही आणि गुऱ्हाळात आहे. मी चूल तशीच सोडून तुमच्याकडं आले. चहाडी मीच केली. ते मी लपवत नाही.

तुम्ही खूश झालात. "उद्या दळवींबरोबर पाचुंदवाडीला जा. बाईमाणसाला बायका खरं सांगतात."

पाचुंदवाडी म्हणजे शंभर उंबरे आणि उंबऱ्यागणिक एक फौजी. देवळापुढं पहिल्या लढाईला गेलेल्यांच्या नावांचा दगड आहे, लोक त्यालाही शेंदूर लावतात. दळवी तलाठ्याकडं चहाला बसले. मी पाणवठ्यावर गेले.

"नामदेव आप्पा शेडगे कुणी आहे का गावात?"

धुणं आपटणाऱ्या तीन बायका. तिघींचे हात थांबले, मग परत चालू झाले.

"हाय की. मळ्यात," एक म्हणाली.

"इथंच असतात?"

"मग काय इलायतेला?"

"पलटणीत होते का?"

धुणं जोरात आपटायला लागलं. म्हातारी होती ती म्हणाली, "कागदावर काय लिव्हलंय?"

"पलटणीत होते असं."

"मग कागदाला इचारा. आमी अडानी."

"त्यांना भाऊ आहे का, धाकटा?"

म्हातारीनं पिळा बादलीत टाकला आणि माझ्याकडं बघितलं. "बाई, तू कुनाची? कुठल्या गावची?"

मी सांगितलं. निकमवाडी. नवरा पलटणीत गेला, तिथंच वारला. तिनं मान हलवली. "मंग तुला समजाया पायजे," ती म्हणाली आणि बादली उचलून चालायला लागली. जाताजाता तिनं मागं न बघता म्हटलं, "एकाची पेटी उघडली का समद्या गावाच्या उघडत्यात."

मळा चांगला होता. नवी विहीर, नवा ऊस. नामदेव शेडगे उघड्या अंगानं उसाला पाणी देत होता. भुवया आपल्या सहा नंबरच्या खाटेवरच्या माणसासारख्याच, नाक तेच, वय थोडं जास्त. दोन्ही दंड कोरे. काळे, घामानं ओले आणि कोरे.

मी नमस्कार केला, नाव-गाव सांगितलं आणि कुठल्या कचेरीतून आले तेही सांगितलं.

"कोन आलाय तिकडं?" त्यानं विचारलं.

"नामदेव शेडगे म्हणवतोय."

"नामदेव मी." त्यानं खोऱ्यानं बांध फोडला, पाणी दुसऱ्या सरीत सोडलं. "सातबारा माज्या नावावर. ही जमीन सरकारनं मला माजी सैनिक म्हनून दिली. तीन वर्सं झाली. तुमच्याच सायबाची शिफारस हाय. बगायची?"

"मग तो कोण?"

"भामटा आसंल. बुक चोरलं आसंल मुंबैला."

"तुमच्यासारखा दिसतो."

तो माझ्याजवळ आला. अंगाला चिखलाचा वास. आवाज एकदम खाली गेला आणि तो मला एक वाक्य बोलला. ते वाक्य मी आत्ता लिहीत नाही, पुढं लिहिणार आहे. एवढंच सांगते की ते ऐकल्यावर मी पुढचा प्रश्न विचारला नाही. त्यानं दिलेल्या दोन पेंढ्या मेथीच्या घेतल्या आणि एस.टी. धरली.

गाडीत दळवी माझ्या शेजारी बसले आणि घाट लागायच्या आत घोरायला लागले. फाइल त्यांच्या मांडीवरून सरकली ती मी धरली. आत बुक होतं. इंग्रजीत, फिकट निळ्या शाईत. मी बोट ठेवून एकेक अक्षर लावलं. उंची. छाती. मग 'ओळखीच्या खुणा' अशा अर्थाचे शब्द, आणि पुढं एकच ओळ. त्यातला 'राइट' मला येत होता. 'आर्म' मला येत होता. त्यांच्या आधीचा 'बर्न' आपल्या स्टोव्हच्या खोक्यावर सावधगिरीच्या सूचनेत होता, म्हणून तोही येत होता. भाजल्याची खूण. उजवा दंड. भरतीच्या दिवशी, त्रेसष्ट साली, कुणा हवालदारानं बघून लिहिलेली.

मेथीच्या पेंढ्या माझ्या मांडीवर होत्या. मी त्या खिडकीतून टाकून दिल्या.

दळवी जागे झाले. "काय बघताय?"

"फोटो नाही होय ह्यात?"

"तेव्हा कुठले फोटो शिपायाला." त्यांनी फाइल ओढून घेतली. मग आळस देत म्हणाले, "त्या जमिनीची शिफारस साहेबांनी स्वतः केली होती. त्या शेतकऱ्याला समोर उभा करून. तुमचं काम काय, आमटी करायचं. जास्त ढवळू नका, तळाचं वर येतं."

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता तुम्ही त्याला बोलावलंत. तो सदऱ्याची सगळी बटणं लावून आला. बाह्या मनगटापर्यंत. दळवींनी चौकशीचा कागद वाचला: सदर नामदेव शेडगे हे गावी हयात असून शेती करतात, भेट घेतली, खात्री झाली. खाली दळवींची सही होती. साक्षीदार म्हणून माझी.

"आता खरं नाव सांग," तुम्ही म्हणालात.

"साब, माजा नंबर खरा हाय."

"नंबर पोपटालाही पाठ होतो. नाव?"

"नंबर खरा हाय, साब."

"पोलिसात देऊ?"

तो समोरच्या भिंतीवर नजर लावून उभा राहिला, पलटणीत उभं राहतात तसा. तुमच्यापुढं बुक उघडं होतं. ते पान. तुमचं बोट त्या ओळीवर होतं. तुम्ही ओळ वाचलीत. मग त्याच्या बाहीकडं बघितलंत. तुम्हाला बोलायचे फक्त तीन शब्द होते. बाही वर कर.

तुम्ही बुक मिटलंत.

कारण बाही वर गेली असती, तर तीन वर्षांपूर्वी कोरा दंड असलेल्या माणसाला समोर उभा करून तुम्ही सही कशी ठोकली, ते कुणीतरी विचारलं असतं. तेव्हा तुम्हाला कुणी फसवलं की तुम्ही बघितलंच नाहीत, ते मला माहीत नाही. पण त्या दिवशी तुम्ही बघितलंत, आणि मिटलंत.

"संध्याकाळपर्यंत खाट रिकामी कर. बुक जप्त. पोलिसात देत नाही हे उपकार समज."

"बुक तेवडं द्या, साब. जागा नगं."

"बाहेर."

तो खाटेशी आला. घोंगडीची घडी घातली, ताट धुऊन पालथं घातलं. येसबा कुबड्या आपटत शिव्या देत होता, तुम्हाला, दळवींना, मला. मी भाकऱ्या बांधून दिल्या. लाजेनं बांधल्या की भीतीनं, आता आठवत नाही.

"भाऊ," मी म्हणाले, "तुमचं नाव काय हो? घरचं?"

त्यानं गाठोडं उचललं, परत ठेवलं. "शिदू." जणू ते दुसऱ्याचं नाव असल्यासारखं त्यानं सांगितलं.

मग उभ्याउभ्या सांगून टाकलं. चीनची लढाई झाली, तालुक्याला भरती आली. घरटी एक माणूस द्यायचा असं गावानं ठरवलेलं. थोरल्याचं वय भरत होतं, दाखला होता, पण तो दोन दिवस उसात दडून बसला. हा साडेसोळाचा. घरची नाचक्की नको म्हणून आईनं पेटीतून थोरल्याचा दाखला काढला आणि ह्याच्या हातात दिला. "आजपास्नं तू नामदेव," म्हणाली. हवालदारानं छाती मोजली, डाग लिहिला, झालं. पाचुंदवाडीतले निम्मे असेच गेलेले. कुणी भावाच्या दाखल्यावर, कुणी मेलेल्या चुलत्याच्या. नंतर जमिनीचं निघालं तेव्हा थोरला म्हणाला, तू मुंबईला वॉचमन, तुला जमीन कशाला, घरातच येतीय ना. ह्यानं बुक दिलं. जमीन आली, बुक ह्याच्याकडं परत आलं. मुंबईची नोकरी गेली, बायको गेली, हा घरी आला तर पुतणे म्हणाले, कागदावर आमचा बाप आहे, तुम्ही कोण?

"मग मगाशी बाही का नाही वर केलीत?" मी विचारलं.

"थोरल्याला आत घातला असता, आक्का. जमीन काडून घेतली असती. पोरं उघड्यावर पडली असती त्याची." त्यानं गाठोडं उचललं. "आनि सायबानं इचारलंबी न्हाई."

तो फाटकापाशी गेला, वळला, आणि निवाऱ्याच्या झेंड्याच्या खांबाकडं बघून मान ताठ केली. खांब रिकामा होता. दोर कुजला होता म्हणून तुम्ही झेंडा उतरवून ठेवलेला.

पौष संपत आला तेव्हा पाचुंदवाडीहून फोन आला. माजी सैनिक नामदेव आप्पा शेडगे यांना सर्प चावला, वारले. तुमच्या नोंदवहीत त्यांचा पत्ता आता दुरुस्त झालेला होता. तेव्हा पुष्पचक्र जायलाच हवं. जीपमध्ये तुम्ही पुढं, मागं दळवी, येसबा आणि मी, मांडीवर झेंडूचं चक्र धरून.

घाटात मी म्हणाले, "साहेब, त्या बुकात खूण लिहिलीय. उजव्या दंडावर भाजल्याची."

तुम्ही मागं न बघता म्हणालात, "तुम्हाला कुणी वाचायला सांगितलं?"

"मयताचा दंड कोरा आहे. मी बघितलाय."

"हौसाबाई, तुम्हाला निवाऱ्यात राहायचंय ना?"

येसबा खिडकीतून बाहेर थुंकला.

ओढ्याकाठी सगळं गाव जमलं होतं. म्हातारे फौजी जुने कोट घालून, छातीला पदकं. आम्ही उतरलो तेव्हा तिरडी येत होती. पुढचा उजवा खांदेकरी शिदू होता. त्याला निरोप कुणी दिला ते मला ठाऊक नाही. पाणवठ्यावरची म्हातारी वाटेच्या कडेला उभी होती, तीच असेल. शिदूच्या पायात काही नाही. तिरडी धरायला सोपं पडावं म्हणून दोन्ही बाह्या खांद्यापर्यंत सारलेल्या.

डाग उन्हात चकाकत होता, साहेब. तो तुमच्यापासून तीन हातांवरून गेला. मी डागाकडं बघत नव्हते. मी तुमच्याकडं बघत होते. तुम्ही बघितलंत. तुमची मान त्याच्याबरोबर वळली आणि मग झटक्यानं सरळ झाली.

सरण रचलं. दळवींनी कागद दिला, तुम्ही घसा साफ केलात. "देशाच्या कठीण काळी ज्यांनी ऐन तारुण्यात बंदूक हाती घेतली..." गाव जमिनीकडं बघत होतं. एकही मान वर नाही. मयताची बायको पदरात तोंड घालून हमसत होती. ती तेवढी खरं रडत होती. तिचा नवरा गेला होता, तो कुणीही असो.

मग तुम्ही वाचलंत. "दो-सात-चार-एक-आठ-शून्य-तीन. शिपाई नामदेव आप्पा शेडगे."

"हाजर, साब!"

मोठ्यानं नव्हे. ठसका यावा तसं ते त्याच्या तोंडातून निघालं. शिदू सरणाच्या पायथ्याशी उभा होता. अनवाणी टाचा जुळलेल्या, हात मांड्यांना, हनुवटी वर. दहा वर्षं रोज सकाळी त्या नंबराला जे उत्तर दिलं, तेच आलं. त्यालाही ते नंतर कळलं. त्याचा चेहरा पांढरा पडला.

ओढ्याचं पाणी ऐकू यायला लागलं. कोट घातलेल्या म्हाताऱ्यांपैकी एकानं, मग दुसऱ्यानं, हात कपाळाला नेला. सरणाकडं नाही, शिदूकडं. येसबानं कुबड्या टाकल्या आणि एका पायावर उभं राहून सलामी दिली. मी त्याला बगलेत धरला.

तुम्ही कागदाची घडी केलीत. सरणावर चक्र ठेवलंत. जीपमध्ये जाऊन बसलात आणि हॉर्न दिलात.

त्यानंतर शिदू मला दिसला नाही. स्टँडावर चार महिने विचारत होते. सहा नंबरच्या खाटेवरची घडी मी येसबा जाईपर्यंत मोडली नाही.

आता नामदेव शेडगे उसाच्या बांधावर मला काय म्हणाला, ते लिहिते. तो म्हणाला, "बाई, निकमवाडीच्या ना तुमी? तुमचा मालक कुनाच्या दाखल्यावर गेला हुता, ते मला बोलाया लावू नका."

माझा नवरा विठू. पलटणीत ज्ञानू. ज्ञानू म्हणजे माझा दीर, आजही जिवंत आहे, गुरं राखतो. माझं पेन्शन, माझी निवाऱ्यातली चूल, पोरांची फी, सगळं एका खोट्या दाखल्यावर उभं होतं. पाणवठ्यावरच्या म्हातारीला ते माझ्या गावाच्या नावावरून कळलं. निवाऱ्यातला तो माणूसच खरा फौजी आहे हे मलाही बांधावरच कळलं होतं, बुक वाचायच्या आधी. तरी मी साक्षीदार म्हणून सही केली. तुमच्या दाराला पाठ लावून उभी होते, तेव्हा 'बाही वर करा' असं मीही म्हणू शकले असते. तुम्ही तुमची सही वाचवत होता, मी माझी चूल. आपण दोघांनी मिळून त्याला बाहेर काढलं.

माझं मी लिहून दिलं. पोरं हाताशी आली आहेत, पेन्शन बंद करायचं तर करा, माझ्या नवऱ्याचं खरं नाव वर लिहिलं आहे. आता तुमची पाळी.

पाचुंदवाडीहून आल्यावर तुम्ही नोंदवही उघडलीत आणि त्या नंबरापुढं लाल शाईनं लिहिलंत, 'मयत'. मी टेबल पुसत होते, शाई ओली होती. दहा वर्षं पलटणीत उभा राहिलेला, ज्याचा दंड बुकात लिहिलेला, तो माणूस त्याच दिवशी तुमच्यासमोर 'हाजर' म्हणाला होता. तुम्ही स्वतः ऐकलं होतं.

मग त्या वहीत मयत कोण झालं, साहेब? आणि हजर होता तो कुठं गेला?

लेखी कळवा.